हीच असली तर?

शांती नगरात राहायला आलो तेव्हा मला सगळ्या इमारती सारख्याच दिसायच्या. अजूनही दिसतात. तोच फिक्कट पिवळा रंग, तोच जिना, मजल्यावर तीच चार दारं, गॅलरीत तेच वाळत घातलेले टॉवेल. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या मला डोळे मिटूनही घर सापडायचं. इथे मात्र मी गेटवरचं नाव वाचूनच आत शिरायचे, आणि त्या एका दुपारी नेमकं ते वाचायचं राहिलं.

पाचवा महिना चालू होता. सोनोग्राफीला मी एकटीच गेले होते. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती आणि मीच मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, त्यात काय, पाच मिनिटांचं काम. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठोके लागत नाहीयेत. मिस्टरांना बोलवून घ्या, उद्या सकाळी ॲडमिट व्हावं लागेल." मी हो म्हटलं, फाइल घेतली आणि चालत निघाले.

रस्त्यात ऊन होतं, रिक्षा होत्या, कुणीतरी शहाळी फोडत होतं, आणि या कशाचाच आवाज येत नव्हता. पाण्याखालून चालावं तशी मी चालत होते. तिसरा मजला, डावीकडचं दार. ते उघडं होतं, त्याचंही नवल वाटलं नाही. चपला काढल्या, आत जाऊन सोफ्यावर बसले. पडदे नवे दिसतायत, एवढंच मनात आलं.

समोर एक बाई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. पन्नाशीच्या असाव्यात, गाउनवर ओढणी घेतलेली. मी त्यांच्या जागी असते तर किंचाळले असते, वर वॉचमनला बोलावून तमाशा केला असता. त्या उठल्या आणि पाणी घेऊन आल्या. "पानी पी ले, बेटा." मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "बाळ गेलं हो." माझ्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं ते असं, एका परक्या बाईसमोर. त्यांना मराठी किती कळत होतं कोण जाणे. त्यांनी मांडीवरची फाइल काढून बाजूला ठेवली, मला आडवं केलं, अंगावर चादर घातली, पंखा बारीक केला. मग पुन्हा मेथी निवडायला बसल्या. पानं खुडण्याचा तो बारीक आवाज ऐकत मी झोपले. इतकी गाढ मी त्यानंतर कधी झोपले नाही.

जाग आली तेव्हा भिंतीवर तिरपं ऊन आलं होतं आणि आत कुठेतरी नळ वाहत होता. हे घर आपलं नाही, हे एकदम कळलं. इतकी लाज वाटली की फाइल उचलली, चपला हातात घेतल्या आणि चोरासारखी जिना उतरले. थँक्यू नाही, येते नाही, एक शब्द नाही. ती बोच अजून गेलेली नाही.

पुढचे दिवस दवाखान्यात आणि मग आईकडे गेले. महिन्याभराने परतले आणि त्या बाईंना शोधायला निघाले, तर इमारत कुठली तेच आठवेना. चेहराही पुसट झालेला. कधी वाटायचं, ते सगळं मी स्वप्नातच पाहिलं. पण त्या चादरीला डांबरगोळ्यांचा वास होता, तो काही स्वप्नात येत नाही. मी तिसऱ्या मजल्यांवरची किती दारं वाजवली! एका दारात रत्नागिरीचं कुटुंब निघालं, त्यांनी मलाच बसवून चहा पाजला. दोन दारांना कुलूप होतं. इथे अर्धी घरं भाड्याची, अकरा महिन्यांचं अग्रीमेंट संपलं की माणसं टेम्पोत सामान भरून निघतात. त्या निघून गेल्या असतील, किंवा मागच्याच गल्लीत असतील.

मग मला एक चाळाच लागला. भाजीच्या गाडीपाशी, रिक्षाच्या रांगेत, कुणीही त्या वयाची बाई दिसली की मनात यायचं, हीच असली तर? आता मी काही गोड स्वभावाची नाही. माझ्या तोंडी लागायला लोक बिचकतात. पण पार्किंगवरून कडाकडा भांडताना मध्येच ही शंका यायची आणि आवाज आपोआप खाली यायचा. कुणाची पिशवी जड दिसली की मी उचलायचे. दिसेल तिला थँक्यू म्हणत सुटायचे. नवरा म्हणायचा, "अगं, त्या मागच्या बिल्डिंगवालीला तू सॉरी म्हणालीस? बरं वाटत नाहीये का तुला?" त्याला तो चांगुलपणा वाटायचा. मी फक्त एका बाईला शोधत होते.

पुढे मुलगी झाली. घरात आनंदीआनंद झाला, आणि त्या पहिल्या बाळाचा विषय काढायचा नाही, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं. मुलगी आता शाळेत जाते.

मागच्या थंडीत, सकाळी बागेतल्या बाकावर एक वयस्क बाई उन्हात बसल्या होत्या. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघताच सरकल्या आणि माझ्यासाठी हाताने बाक पुसला. का कोण जाणे, माझी खात्रीच पटली. इतक्या वर्षांचं सगळं मी मोडक्या हिंदीत भडाभडा बोलून टाकलं. "उस दिन मैं गलती से आपके घर में आयी थी. मेरा बच्चा गया था. आपने मुझे सुलाया, और मैं कुछ बोले बिना चली गयी. थँक्यू बोलना था."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हां बेटा, मैं ही थी." मी त्यांचे हात धरून रडले, फेऱ्या मारणाऱ्यांच्या देखत.

तेवढ्यात त्यांची सून त्यांना न्यायला आली. डोळे पुसत मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कधीपासून आहात इथे? "हमको तो अभी दो साल हुआ," ती म्हणाली. "पहले भावनगर में थे. मम्मी तो इधर पहली बार आयी."

मी त्या बाईंचे हात सोडले. त्यांच्या चेहऱ्यावर पकडले गेल्याचं काहीही नव्हतं. त्यांनी सुनेला थांबायची खूण केली आणि माझा हात पुन्हा आपल्या हातात घेतला. "अब कैसी है तू?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सून मोबाइल बघत बाजूला उभी राहिली. मी ओढणीने नाक पुसलं आणि त्यांना त्या पहिल्या बाळापासून सांगायला सुरुवात केली.