आत्याने गावभर सांगितलेलं विद्यापीठ

आत्या माणसाचे दात आधी बघायची आणि चेहरा मागाहून. त्याला तिचा इलाज नव्हता. दात आणि कवळ्या बनवण्यात जिचं उभं आयुष्य गेलं, ती दुसरं काय बघणार? लग्नाचे फोटो दाखवायला कोणी आलं की आत्या म्हणायची, "नवरा चांगला आहे, पण वरची डावी दाढ काढलेली दिसतेय." लोक हसायचे, आणि पुढच्या वेळी फोटो दाखवताना जरा जपून दाखवायचे.

घराच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत काम. पुढच्या खोलीत खिडकीला लागून लांबलचक टेबल होतं. त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरचे साचे, आणि कोपऱ्यात पॉलिशची मोटर. ती सुरू झाली की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे. दातांचे डॉक्टर ठसे घेऊन पाठवायचे, त्यावरून आत्या दात करायची आणि स्वतः नेऊन द्यायची. रंग जुळला की नाही हे पेशंटच्या तोंडात बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. जीभ मात्र फटकळ. एका नामवंत डॉक्टरांना तिने तोंडावर विचारलं होतं, "हा ठसा घेतलाय की कणीक मळलीय?" डॉक्टरांनी निमूटपणे दुसरा ठसा घेतला होता.

अशा या घरात एक दिवस बारकी आली. बारकी म्हणजे आत्याची भाची. भाऊ आणि वहिनी एकाच अपघातात गेले, आणि जेमतेम शाळेत जाऊ लागलेली ती पोर आत्याच्या पदरात पडली. मूल कसं वाढवतात याचा आत्याला गंध नव्हता. पोर रडायला लागली की ती आपली तिच्या ओंजळीत ताजं कालवलेलं प्लास्टर ठेवायची. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ती ऊब हातात आली की बारकीचं रडणं थांबायचं आणि प्रश्न सुरू व्हायचे.

"आत्या, हे कोणी तापवलं?"

"आपोआप तापतं."

"आपोआप म्हणजे कसं?"

आत्याला सांगता यायचं नाही आणि बारकीला राहवायचं नाही. घरात ती अशी प्रश्नांचा भडिमार करायची, पण चारचौघांत गेली की तोंडाला कुलूप. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. शाळेतल्या शास्त्राच्या बाईंना एवढं मात्र कळलं होतं की ही मुलगी पुस्तकातल्या उत्तरावर थांबणारी नाही. वस्तू मऊ असते ती कडक कशी होते, कडक होताना तिच्या आत काय घडतं, हेच तिला शिकायचं होतं, आणि नुसतं शिकायचं नव्हतं तर पुढे त्यात संशोधन करायचं होतं. बाईंनी तिला परदेशातल्या कॉलेजांचे अर्ज करायला बसवलं, आणि दोन ठिकाणांहून होकार आला. शिष्यवृत्ती दोन्हीकडे होती, त्यामुळे तो घोर मिटला. एक होतं भलंमोठं विद्यापीठ, ज्याचं नाव रस्त्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक. दुसरं होतं छोटंसं कॉलेज, ज्याचं नाव खुद्द आत्यालाही धड घेता येत नव्हतं. महिनाअखेरीस दोहोंपैकी एकाला हो म्हणायचं होतं.

आत्याने एका संध्याकाळीत निकाल लावून टाकला. तिचा हिशेब सरळ होता. छोट्या कॉलेजात फक्त पदवीपर्यंतच शिकवतात. मोठ्या विद्यापीठात डॉक्टरेटही तिथल्या तिथेच होते. पोरीला शेवटी डॉक्टरेटच करायची आहे, मग एकदा तिथे शिरलं की झालं. आपल्या रस्त्यावरच्या शाळेत नाही का, तळमजल्यावर बालवर्ग आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर दहावी? पोरं दरवर्षी एक जिना चढतात. तसंच.

"पटतंय ना?" तिने विचारलं.

बारकी म्हणाली, "हं."

त्या "हं"च्या भरवशावर आत्याने दुसऱ्या दिवसापासून दवंडी पिटायला सुरुवात केली. दवाखान्यांत सांगितलं, वाण्याला सांगितलं, कवळी बसवून घ्यायला आलेल्या आजोबांना सांगितलं, ज्यांना त्या क्षणी तोंड उघडून अभिनंदनसुद्धा करता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे मिरवण्यासारखं काहीतरी होतं, आणि तिने ते पोटभर मिरवलं.

मध्यंतरी त्या छोट्या कॉलेजातल्या एका प्राध्यापक बाईंनी बारकीशी बोलायचं म्हणून व्हिडिओ कॉल केला. आत्या टेबलाशी मेण खरवडत बसली होती. बोलणं तिला कळत नव्हतं, पण कानावर पडत होतं. आधी बारकीचं चाचरणं, मग त्या बाईंचं हसणं, मग बारकीने उठून प्लास्टरचा साचा आणला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि जी बोलायला लागली ती थांबेचना. पलीकडून त्या बाईही काहीतरी विचारत होत्या, कागदावर आकृती काढून दाखवत होत्या. दोघींच्या गप्पांत चहा गार झाला. अनोळखी माणसाशी बारकी इतकं बोललेली आत्याने कधी बघितली नव्हती.

कॉल संपल्यावर बारकी म्हणाली, "त्या म्हणाल्या, पहिल्याच वर्षी मला प्रयोगशाळेत घेतील. त्यांच्याकडे डॉक्टरेट करणारे कोणी नाहीत ना, सगळं काम पदवीची मुलंच करतात." मग साचा जागेवर ठेवत म्हणाली, "छान आहेत त्या. पण आपलं ठरलंय ना."

आत्याला कुठेतरी खटकलं. पण हातात काम होतं, विषय तिथेच राहिला.

दोन दिवसांनी ती एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पुढचे दोन दात द्यायला गेली. या बाईंचा मुलगा त्याच मोठ्या विद्यापीठात शिकलेला. पदवी घेऊन वर्षभरापूर्वी परत आला होता, आणि "पुढचे अर्ज चाललेत" असं त्याची आई सगळ्यांना सांगायची. तो त्या दिवशी तिथेच आईला मदत करत बसला होता.

"आमची बारकी तुझ्याच विद्यापीठात चाललीय बरं का," आत्या म्हणाली. "तिथूनच वर डॉक्टरेटला जाईल. जिना घरातच."

मुलगा हसला, पण चिडवल्यासारखं नाही. "आत्या, तसा जिना नसतो. डॉक्टरेटला जगभरातून अर्ज येतात, त्यात आपलाही एक. आपल्याला जवळून ओळखणाऱ्या प्राध्यापकांची शिफारस लागते. मला तीन हव्या होत्या, कशीबशी एक मिळाली."

"का रे? तू तर हुशार."

"वर्गात शेकडो मुलं. प्रयोगशाळेत डॉक्टरेटवाल्यांना आधी काम मिळणार, ते बरोबरच आहे. मी दोन वर्षं काचेची भांडी धुतली. धडपडी मुलं पुढे घुसतात, त्यांचं चांगलं होतं, विद्यापीठात काही वाईट नाही. मीच बुजरा. कुठलाही प्राध्यापक रस्त्यात भेटला असता तर त्याने मला ओळखलं नसतं."

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं यंत्र थांबलं. "हे तू मला कधी बोलला नाहीस."

"तू किती कौतुकाने सांगायचीस गं सगळ्यांना," मुलगा शांतपणे म्हणाला. "कसं बोलणार?"

आत्याने दात ट्रेमध्ये ठेवले, आणि रंग जुळला की नाही ते न बघता बाहेर पडली. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. त्या पोराचे तिने मनोमन हजार वेळा आभार मानले. स्वतःची फजिती अशी परक्या बाईसमोर उघडी करायला मोठं मन लागतं.

घरी आल्या आल्या तिने पर्स टेबलावर टाकली. "बारके, इकडे ये. खरं सांग, तुला कुठे जायचंय?"

"आपलं ठरलंय ना."

"आपलं गेलं खड्ड्यात. तुझं काय?"

बारकी नखाने टेबलावरचं मेण काढत राहिली. मग म्हणाली, "तू सगळ्यांना सांगितलंयस. इतकी खूश होतीस. माझ्यासाठी तू लग्नसुद्धा केलं नाहीस. मी एवढं तरी करायला नको?"

"लग्न मी त्या माणसाच्या आईमुळे केलं नाही," आत्या कडाडली, "उगाच स्वतःच्या नावावर घेऊ नकोस!"

बारकीला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. आत्या तिच्याजवळ बसली. रागावणं तिला छान जमायचं, मायेचं बोलणं जमायचं नाही. तरी त्या दिवशी तिने ते केलं.

"हे बघ. तू यायच्या आधी मी दिवसदिवस कोणाशी बोलायची नाही. या टेबलावर जेवायची, इथेच डोकं टेकून झोपायची. तू आलीस, प्रश्न विचारून माझं डोकं खाल्लंस, म्हणून मी माणसांत राहिले. तेव्हा उपकार कोणाचे कोणावर, ते आपण दोघी कधीतरी निवांत भांडून ठरवू. पण माझ्या तोंडाची शोभा राहावी म्हणून तू तिथे मागच्या बाकावर तोंड मिटून बसणार असशील, तर मला नको ती शोभा."

बारकीने डोळे पुसले. "मला त्या बाईंकडे जायचंय."

"मग कळव त्यांना. आत्ताच्या आत्ता. मी चहा टाकते."

पुढचा आठवडा आत्याने सांगितलेलं परत घेण्यात घालवला. ज्या ज्या दारात तिने मिरवलं होतं, त्या त्या दारात ती पुन्हा गेली. वाणी म्हणाला, "हे कुठलं कॉलेज? कधी ऐकलं नाही." एका डॉक्टरांनी सहानुभूतीने विचारलं, "तिकडे जमलं नाही का?" एरवी अशा प्रश्नावर आत्याने त्यांना सोललं असतं. या वेळी ती म्हणाली, "जमलं होतं. माझंच चुकलं होतं, पोरीचं बरोबर होतं." हे वाक्य पहिल्या दारात तिने घाईघाईने उरकलं. शेवटच्या दारात येईपर्यंत ते तिला आवडायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र काही विचारलं नाही. त्यांनी आत्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "बरं झालं." त्यांचा मुलगा व्हिसाचा अर्ज कसा भरायचा ते दाखवायला बारकीकडे दोनदा येऊन गेला.

बारकी गेली. घर खायला उठलं हे खरं, पण आत्याने कामाचा ढीग अंगावर घेतला आणि मोटर दिवसभर चालू ठेवली. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पहिल्या आठवड्यात एका सकाळी फोन आला. आत्या एका कवळीला शेवटचा हात मारत होती, तिने मोटर बंद केली. पलीकडे बारकी धापा टाकत बोलत होती.

"आत्या, आज मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. आत जायचा धीर होईना. तर मॅडमनी आतूनच मला हाक मारली, नावाने!"

"बरोबर घेतलं का नाव?"

"छे! इतकं चुकीचं घेतलं की आधी मला कळलंच नाही, मला बोलावतायत म्हणून."

आत्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि हातात कोणाची तरी कवळी होती. कधी भेट न झालेल्या त्या बाईंबद्दल तिला फार कृतज्ञता वाटली.

"मग तू काय केलंस?" तिने विचारलं.

"मी त्यांना नाव नीट कसं म्हणायचं ते सांगितलं."

"तू सांगितलंस? तू?"

"हो. तीनदा म्हणवून घेतलं."