न हललेली वलयं

आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या बाईंना मुलं लहरीबाई म्हणत. दर वर्षी त्या फळ्यासमोर उभ्या राहून सांगायच्या, "इलेक्ट्रॉन कण आहे, पण वागतो लहरीसारखा," आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "म्हणजे तुमच्यासारखाच लहरी!" आधी बाईच हसायच्या. पण प्रयोगात कुणी लबाडी केली की खैर नसे. आकडे ओढूनताणून जुळवणाऱ्या पोरांची त्या भर वर्गात बिनपाण्याने करत.

नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला बाईंचे स्वतःचे सर येणार होते. ज्यांनी घडवलं त्यांच्यासमोर नाक वर राहावं, एवढीच बाईंची इच्छा. प्रयोग असा: काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जातो आणि पडद्यावर हिरवी वलयं उमटतात. नुसते कण असते तर वलयं पडलीच नसती. आदल्या दिवशी, वलयं आणखी ठळक दिसावीत म्हणून बाई झोत वाढवत गेल्या. अति केलं आणि माती झाली! पापुद्रा जळाला, पडद्यावर मधला ठिपका तेवढा उरला.

नवी नळी इतक्यात मिळणं शक्य नव्हतं. बाईंनी अंधारात चमकणारा रंग आणला आणि काचेवर दोन वलयं रंगवली.

दिवे मालवले. वलयं दिसली, टाळ्या पडल्या. सर काठी टेकत पुढे आले आणि जुन्या सवयीने त्यांनी खिशातून चुंबक काढलं.

"अगं, आठवतंय ना? उजेड चुंबकाला भीक घालत नाही. इलेक्ट्रॉन मात्र लगेच वळतो. वलयं हलली की ती इलेक्ट्रॉनांचीच, पुरावा पक्का."

आठवत कसं नव्हतं! हेच त्या वर्गात सांगायच्या.

चुंबक नळीजवळ गेलं. ठिपका सरकला. वलयं जागच्या जागी.

सरांनी एकदा बाईंकडे पाहिलं. मग चुंबक खिशात टाकत मोठ्याने म्हणाले, "माझं चुंबक म्हातारं झालं हो, माझ्यासारखंच." सगळे हसले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर चारचौघांत ओरडले असते तर ते परवडलं असतं. उभ्या जन्मात प्रयोगाबद्दल खोटा शब्द न काढलेला माणूस आज खोटं बोलला होता, तेही त्यांच्यापायी. गप्प बसल्या असत्या तर निभावलंही असतं.

"सर, चुंबक चांगलं आहे," त्या म्हणाल्या. दिवे लावले आणि सगळ्यांदेखत रुमालाने काच पुसायला लागल्या.

रंग पक्का वाळला होता. निघता निघेना.