शेंगांची पुरचुंडी

तेव्हा मी कोवळी बासष्ट वर्षांची होते आणि पुण्य मिळवायची मला फार घाई होती. हिवाळ्यातल्या एका शनिवारी मी जाफराबादेहून जीपनं अभयारण्यात वानरं बघायला गेले, ती मारुतीरायाच्या नावानं शालीखाली भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी लपवूनच.

वाट दाखवायला सोबत आलेला वनमजूर कानाला मफलर गुंडाळून, दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत होता. वानरं दाखवायची तर हनुवटीनं. म्हणाला, "हात पुढं केला की त्यायला वाटतं, काहीतरी देऊन राह्यलाय. एकदा हातचं खाल्लं, की रोडवर येऊन बसतेत. मंग गाडीखाली जातेत. माझ्या टोळीनं अजून कुणाच्या हातचं खाल्लं न्हाई, माय."

मी मान डोलावली आणि त्याची पाठ वळताच मूठभर शेंगा फेकल्या. इतकी मी शहाणी!

आवाजानं तो वळला आणि जागीच थिजला. पोटाशी पिल्लू धरलेली एक वानरीण खाली उतरली. तिनं शेंग उचलली, हुंगली, टाकून दिली आणि परत झाडावर जाऊन पाला खाऊ लागली.

त्याची छाती फुगली. "बघितलं?" मला एका शब्दानं न रागावता त्यानं सगळ्या शेंगा वेचल्या आणि पहिल्यांदाच माझ्यापुढं हात केला. "राहिलेल्या मला द्या. मला चालतेत."

आता नवीन जालन्यात आमच्या गच्चीवर वानरं येतात. शेजारणी पोळ्या घेऊन धावतात. मी हात पाठीमागे बांधून उभी राहते आणि मारुतीरायाला हनुवटीनंच नमस्कार करते.