हळदीला गेलेली देवी

हळदीचा वास आला की ती घटना मला आजही आठवते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावात जुना किल्ला आणि त्याला लागून संग्रहालयाच्या दोन खोल्या. ऐन बाजाराच्या दिवशी तिथली वीतभर उंचीची दगडी देवी गायब झाली. गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, मूर्तिचोरांच्या मागे माणसं लावली. हाती काही लागेना.

खबर दिली अड्याळच्या बाजारातल्या बांगडीवाल्याने. "साहेब, संग्रहालयातली देवी लग्नाले जाते का?"

एका लग्नघरी तो बांगड्या भरायला गेला, तर नाक तुटलेली तीच देवी पाटावर.

मी तडक मांडवात गेलो. नवरीची आजी पुढे आली. मी आवाज चढवला, ती हलली नाही.

"ओरडू नोको बापू, पोरीची हळद आहे. देवी आमच्याच तळ्याच्या पाळीवरची. जुनी आहे म्हणून सरकारनं नेली. मी तिकीट काढून भेटाले जातो. पन पहिली हळद तिलेच लागते."

"मागितली का नाही?"

"मागतली. हसले ते संग्रहालयवाले. मंग टोपलीत ठेवली, वरून वांगे. परवा पोचवून देतो."

अटक केली असती तर वरपक्षाने लग्नच मोडलं असतं. माझा बाप भाजी विकायचा. घासाघीस मी त्याच्याकडून शिकलो. ती 'परवा'वर अडलेली, मी 'आत्ता'वर. शेवटी हळद लागताच मूर्ती द्यायची, यावर सौदा पटला. पाटाजवळ साध्या कपड्यातला शिपाई बसवला. बायकांनी त्यालाही हळद फासली.

संग्रहालयाचे अधिकारी मात्र म्हातारीला तुरुंगात घालायला निघाले. मी म्हणालो, "चालवू खटला. मूर्ती मुद्देमाल म्हणून आमच्या मालखान्यात राहील. किती वर्षं, ते कोर्ट ठरवेल."

ते खाली बसले. गैरसमजातून पूजेला नेली, असा जबाब त्यांनी दिला. यापुढे लग्नघरची पहिली हळद मूर्तीसमोर ताटलीत ठेवू द्यायची, हेही मी पदरात पाडून घेतलं.

शाबासकी वरिष्ठांनी घेतली. मला मूर्ती ताबडतोब ताब्यात न घेतल्याबद्दल मेमो मिळाला. तो अजून सलतो.

माल कुणाकडे सापडला, हे मी नोकरीभर लिहीत आलो. तो मुळात कुणाचा, हे विचारायला त्या मांडवात शिकलो.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नात हळदीची वाटी घेऊन मीच तिथे गेलो. तिकीटवाला म्हणाला, "साहेब, तुम्हाले कायचं तिकीट?"

मी पैसे पुढे सरकवले. म्हातारीही देवीला भेटायला कधी फुकट गेली नव्हती.