मागचं वारं
डेटॉलचा वास आला की मला हैदराबादच्या कोठी भागातला तो दवाखाना आठवतो. तेव्हा आम्ही विमानासाठी एक प्रोग्राम लिहीत होतो: इंजिनं मंद ठेवून, कमीत कमी इंधनात विमान उंचावरून धावपट्टीवर कसं उतरेल, तो मार्ग काढणारा. मागून जोराचा वारा असला की माझं गणित चुकायचं आणि धावपट्टी आली तरी विमान उंचच राहायचं. दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं, म्हणून मी वाऱ्याच्या चाचण्याच यादीतून काढल्या. आमचे टीम लीडर पिढीजात हैदराबादी मराठी, कधी आवाज न चढवणारे. यादी वाचून त्यांनी विचारलं, "मागचं वारं किधर गेलं रे?" मी म्हणालो, "सर, असा वारा रोज थोडाच असतो." त्यांच्या हातातला चहाचा कप माझ्या भुवईवर फुटला. चहा आणि रक्त एकदमच डोळ्यात उतरलं. कॉलर धरून त्यांनी मला दोनदा भिंतीवर आदळलं. "आत दीडशे लोक बसतेत. त्यांना सांग, रोज नसतो म्हणून." मग त्यांनीच जखमेवर रुमाल दाबून मला ऑटोत घातलं. टाके पडत होते तेव्हा ते दाराशी उभे राहून फोनवर सांगत होते, उद्या प्रोग्राम मिळणार नाही. सगळे म्हणाले, तक्रार कर. मी केली नाही, पण त्यात मोठेपणा नव्हता. तक्रारीत चाचण्यांचंही लिहावं लागलं असतं. आजही विमान उतरताना इंजिनं मंदावली की माझा हात भुवईवर जातो, आणि शेजारच्याला वाटतं, मी देवाचं नाव घेतोय.