ससाण्याच्या विमानाची वाट

मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, आणि त्यातलीही निम्मी वर्षं धाकटी भावंडं कडेवर घेण्यात गेली. तरी ऑस्ट्रेलियाच्या विमानाच्या शेपटीवर कांगारू असतो, त्या कांगारूला आधी पंख होते आणि मग ते काढून टाकले, जर्मनीचा बगळा पिवळ्या गोलात असतो आणि जपानचा लाल, हे मला तोंडपाठ आहे. आता कोणी म्हणेल, घिवलीच्या मासळीवालीला हे ठाऊक असून करायचंय काय? तेच सांगायला बसले आहे.

गावाजवळ अणुवीज केंद्राची कॉलनी झाली तशी मी तिथं मासळी घेऊन जाऊ लागले. तेव्हा मी पंचविशीतली असेन. एका क्वार्टरमध्ये अमरावतीकडचं जोडपं राहायचं. घरधनी केंद्रात फिटर होते. मी त्यांना साहेब म्हटलं तर म्हणाले, "साहेब वर बसते. मी खाली पाने फिरवतो. दादा म्हण." त्यांची बायको माझ्यापेक्षा चांगली दहा वर्षांनी मोठी, पण मला मावशी म्हणायची. टोपली डोक्यावर घेतली की बाई कोणत्याही वयाची मावशीच होते. मी तिला वयनी म्हणायचे.

या दादांना विमानांचं वेड. स्वतः कधी विमानात बसले नव्हते. पण रद्दीच्या दुकानातून इंग्रजी मासिकं आणायचे, त्यातल्या विमान कंपन्यांच्या जाहिराती कापायचे आणि एका जाड वहीत चिकटवायचे. वयनी म्हणायची, "लोकं देवाच्या तसबिरी लावते, आमच्या घरी शेपट्या." मी मागच्या पायरीवर बोंबील साफ करायला बसले की दादा वही घेऊन यायचे आणि माझी परीक्षा घ्यायचे.

"सांग बरं, हा कोनाचा?"

"मोर हाय. श्रीलंकेचा."

"आन् हा?"

"गरुड. इंडोनेशियाचा. दादा, आपल्या विष्णूचा गरुड त्यांच्याकडं कसा गेला?"

"तो उडते ना मावशी, तुझ्यासारखा पायी नाही हिंडत."

आमचं एकदाच खरं भांडण झालं. फ्रान्सच्या विमानाचं जुनं चित्र होतं, पुढून घोडा, पंख असलेला, आणि मागं वेटोळी शेपटी. दादा म्हणाले, तिथले लोक लाडानं त्याला कोळंबी म्हणतात. मी हातातली कोयती खाली ठेवली. म्हटलं, "घोड्याला कोलबी म्हनतात त्यांनी कोलबी कदी खाल्लीच नाय." वयनी इतकी हसली की तिला आत जाऊन पाणी प्यावं लागलं.

मला वाचायला आलं ते याच वहीतून. प्रत्येक चित्राखाली वयनीनं देशाचं नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. प्राणी मला ओळखता यायचा, मग प्राण्यावरून देश, देशावरून अक्षर. मोराखालचं 'श्री' मला फार दिवस अवघड गेलं. नंतर वयनीनं पानभर नकाशा काढला आणि आपलं विमान पहिल्यांदा परदेशी गेलं तो रस्ता दाखवला, मुंबई, कैरो, जिनिव्हा, लंडन. मी एकेका गावावर मासळीचं बोट ठेवून वाचलं. त्या पानाला आयुष्यभर वास राहिला. वयनीनं कधी बोलून दाखवलं नाही.

दादा विमानांच्या जुन्या गोष्टीही सांगायचे, त्यातली एक मला फार आवडायची. मुंबईचं सुरुवातीचं विमान जुहूच्या मैदानात उतरायचं. पावसाळ्यात तिथं पाणी भरायचं, म्हणून चार महिने सगळं पुण्याला हलवायचे. मी म्हटलं, मग त्यात काय नवल, आमीपन पावसात होड्या वर ओढतो. तेव्हापासून माझ्या मनात बसलं की विमान म्हणजे होडीच. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, निशाण रंगवलेलं असतं, काठीवर बावटा असतो, किनाऱ्यावर उभी असलेली बाई लांबून तो ओळखते आणि घरी चूल पेटवायला सांगते. विमानाच्या शेपटीवरचा प्राणी त्याच कामाचा. दादांनाही हे पटलं होतं. पुढं याच समजुतीनं मला कुठं नेऊन बसवलं ते पाहा.

आमच्या घरची होडी तिघा भावांत होती आणि तिच्यावर तिघांची घरं चालेनात. तेव्हा माझ्या घरवाल्यांनी बोईसरला कारखान्यात वेल्डिंग शिकून घेतलं, आणि दोन वर्षांनी ठेकेदारानं त्यांना आखातात पाठवलं. विमानतळावर सोडायला दादाच माझ्याबरोबर आले. वरच्या गॅलरीतून विमानं दिसायची, तिथं तिकीट काढून उभे राहिलो. ज्या विमानात घरवाले चढले त्याच्या शेपटीवर सोनेरी ससाणा होता. दादांनी सांगायच्या आधीच मी ओळखला. मनात म्हटलं, हा ससाणा आपला. हाच नेतो, हाच आणील.

दोन वर्षं पत्रं येत होती. मी ती स्वतः वाचायचे. शेवटच्या पत्रात येण्याचा वार आणि तारीख होती, आणि 'दुपारच्याला पोचेन' इतकंच.

त्या दिवशी दादा आणि मी सकाळी बोईसरहून निघालो. दादांनी रजा टाकली होती आणि इस्त्रीचा सदरा घातला होता. घरातून निघताना वयनी म्हणाली होती, "हे तुझ्या नवऱ्याला आनायला नाही चालले, शेपट्या पाहायला चालले." खरंच होतं ते. गॅलरीत चढल्यावर दादांचं तोंड मिटेना. तो बघ मोर, तो बघ आपल्या देशाचा, धनुष्य ओढणारा, अर्धा घोडा अर्धा माणूस. दुपारी ससाणा उतरला. मी जिन्यावरून जवळजवळ पळतच खाली आले आणि माणसं बाहेर येतात त्या कठड्याला जाऊन बिलगले.

माणसं येऊ लागली. ब्लँकेटं, टेपरेकॉर्डर, दोरीनं बांधलेली खोकी. त्यांच्या सामानाला ससाण्याच्या चिठ्ठ्या लावलेल्या. कोणाची आई रडत होती, कोणाची पोरं बापाला ओळखत नव्हती. मग दोघं-तिघं आले, मग एक म्हातारा चाकाच्या खुर्चीवर, आणि मग कोणीच नाही.

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. होडी एका माणसानं कमी होऊन परत आली, तर कोणी किनाऱ्यावर ओरडून सांगत नाही आणि बाईही विचारत नाही. होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य, तो सगळ्यात शेवटी उतरतो. तो सरळ त्या बाईसमोर जातो आणि डोक्यावरची टोपी काढतो. शब्द बोलायचा नाही. टोपी काढली की बाईनं समजायचं. माझ्या आईपुढं एकदा अशी टोपी निघालेली मी पाहिली होती, माझा मामा गेला तेव्हा. मी तेव्हा आठ वर्षांची होते.

तर दार उघडलं आणि विमानाचा तांडेल बाहेर आला. पांढरा सदरा, खांद्यावर पट्टे, डोक्यावर टोपी. सगळ्यात शेवटी. तो सरळ माझ्याच बाजूला चालत यायला लागला. मी कठडा धरला. तो माझ्यापासून चार हातांवर आला, थांबला, आणि त्यानं टोपी काढली.

त्याला उकडत असेल, दुसरं काय. त्यानं कपाळ पुसलं आणि तो त्याच्या गाडीकडं गेला. पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलंच नाही. मी तिथंच फरशीवर बसले आणि मला आठवतंय, मी हातातल्या बांगड्यांकडं बघत होते.

दादा मागून आले. "काय झालं? भोवळ आली का?"

मी म्हटलं, "तांडेलनं टोपी काढली."

"कोनी?"

"होडी आली, दादा. माझा मानूस नाय आला."

दादा हसले असते तर मी समजू शकले असते. दुसरा कोणीही हसला असता. ते हसले नाहीत. ते माझ्यासमोर फरशीवर बसले, त्या इस्त्रीच्या सदऱ्यानिशी, आणि म्हणाले, "मला पुरतं सांग, मावशी." मी टोपीचं सांगितलं. मामाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पत्र आहे जवळ?"

मी पोलक्यातून काढून दिलं. त्यांनी ते माझ्याच हातात परत दिलं. "तूच वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. वार, तारीख, दुपारच्याला पोचेन.

"ससाणा कुठं लिहिला आहे?"

मी परत वाचलं. ससाणा कुठंच नव्हता. तो माझा मीच घातला होता.

"हे पाह्य," दादा म्हणाले, "गेला ससाण्यानं, म्हून यायलाबी तोच पाहिजे, असं काही नसते. होडीवरचा मानूस होडीचा असते. इथं मानूस तिकिटाचा. पूर्वी लंडनहून ऑस्ट्रेलियाला जायचे ना, त्याईले मधातच आगगाडीत बसवत, मग दुसऱ्या विमानात, मग तिसऱ्या. पोचेपर्यंत कितीक वाहनं व्हायची. पोचायचे ना पन."

"पोचायचे?"

"तर. दुपार अजून सरली नाही."

मग आम्ही थांबलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, उन्हं कलली एवढं खरं. दादांकडं गॅलरीचं तिकीट होतं. डोक्यावरून एकामागून एक विमानं जात होती, आवाजानं काचा थरथरत होत्या. ज्या माणसानं आयुष्यभर कागदाच्या शेपट्या जमवल्या, त्यानं एकदाही मान वर केली नाही. मला अमरावतीच्या बाजाराचं सांगत राहिले, वयनीनं पहिल्यांदा बोंबील शिजवले तेव्हा शेजारच्यांनी दारं कशी लावून घेतली ते सांगत राहिले. माझं अर्धं लक्ष नव्हतं, त्यांना ते दिसत होतं, तरी बोलत राहिले. मी फार माणसांचे उपकार घेतले आहेत, पण त्या फरशीवर बसून राहण्याएवढं मला कोणी काही दिलेलं नाही.

आणि मग दारातून माझा माणूस आला. वाळलेला, मिशी काढलेली, खांद्यावर ब्लँकेट. खोक्याला धनुष्यवाल्या अर्ध्या घोड्याची चिठ्ठी. कंपनीनं आयत्या वेळी दुसरं तिकीट हातात ठेवलं होतं.

"कवाशी बसलीस खाली?" ते म्हणाले. "लुगडं मळलं ना."

मी म्हटलं, "मिशी कुठं ठेवलीस?"

दोन वर्षांनी आम्ही बोललो ते एवढंच.

परतीच्या गाडीत दादांनी धीर धरून वाट पाहिली. पालघर जवळ आलं तेव्हा त्यांना राहवेना. "बरं, विमानाची शेपूट कशी होती जवळून?"

"शेपूट कोन बघतो, दादा?" आमचे हे म्हणाले. "माझं ध्यान घराकडं होतं."

दादांचा चेहरा पडला. ते यांच्याही लक्षात आलं. हे तसे न बोलणारे, दिवसाला दहा शब्द झाले तरी पुष्कळ. पण दादांकडं वळून म्हणाले, "खिडकीतून मात्र बघितलं. उतरताना खाली समुद्र होता. त्याच्यात होड्या. एवढ्याशा, तांदूळ सांडल्यावानी. वरून निशान काय दिसत नाय. कुनाची कुठली, काय समजत नाय. सगल्या आपल्याच वाटतात."

दादा पुढं सरकून बसले. "पुन्हा सांग," ते म्हणाले. "खिडकी कोनत्या बाजूची होती, तिथपासून सांग."

आणि माझ्या घरवाल्यांनी सांगितलं. बोईसर येईपर्यंत तीनदा सांगितलं, आणि दर खेपेला थोडं वाढवून.