सोनेरी कडेची पूजा

आमच्या घरात नवी वस्तू आली की वापरायच्या आधी तिची पूजा होते, आणि ती मीच करतो. मोटारसायकल, मिक्सर, घरगुती पिठाची चक्की, सगळ्यांना मी हळदकुंकू लावलं आहे. इन्व्हर्टरपुढं नारळही फोडणार होतो. पाणी कुठं उडेल हे बायकोनं वेळेवर सांगितलं. एरवी यंत्रांशी माझा संबंध नाही. काही बिघडलं की "काय झालं?" असं मोठ्यानं विचारणं एवढंच माझं काम.

त्या रविवारी मुलीच्या कॉम्प्युटरसाठी नवं ग्राफिक्स कार्ड आलं होतं. मुलगी इंटिरिअरचं शिकलेली. बांधायच्या आधीच घर पडद्यावर उभं करून द्यायचं, मालकानं आत फिरून बघायचं, असा व्यवसाय तिनं आमच्या पुढच्या खोलीत मांडला होता. पहिलं मोठं काम जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याच्या बंगल्याचं. ते नवराबायको दुपारी बघायला येणार होते. पसंत पडलं तर बंगल्याचं सगळं आतलं काम तिला. नाही पडलं तर सोमवारी पुण्याच्या एका ऑफिसला नोकरीचा होकार कळवायचा, हे तिचं तिनंच ठरवलेलं. तिला जायचं नव्हतं. मलाही ती जायला नको होती. पण बापानं असं बोलू नये म्हणून मी आठवडाभर पुण्याच्या हवेचं कौतुक करत होतो.

जुन्या कार्डावर ते घर अडखळायचं. दार उघडायला गेलं की चित्र थिजायचं. म्हणून नवं घेतलं, आणि जुनं दुकानदारानं बदल्यात ठेवून घेतलं.

मुलगी आंघोळीला गेलेली असताना मी पाट मांडला. कार्ड म्हणजे एक काळी, लांबोडकी वस्तू, वर पंखे. कुंकू खोक्याला लावलं. हळद कुठं लावावी? पंख्याला लावली तर उडणार. मग खालच्या अंगाला प्लास्टिकचं टोपण दिसलं. ते काढलं तर आत बारीक दातांची सोनेरी कड, नुकती सराफाकडून आणल्यासारखी. एवढी मानाची जागा दुसरी कुठली असणार? ओल्या हळदीचं बोट मी तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं, वाळू दिलं, सोन्यावर पिवळं दिसतही नव्हतं, टोपण परत बसवलं आणि उदबत्ती ओवाळली.

मुलीनं कार्ड बसवलं. बटण दाबलं. पंखे फिरले, आतले रंगीत दिवे लागले. मी टाळ्या वाजवल्या. पडदा काळाच राहिला, आणि त्यावर एक ओळ तरंगायला लागली: सिग्नल नाही.

"काय झालं?" मी मोठ्यानं विचारलं.

"पप्पा, थांबा जरा."

तिनं मॉनिटरची वायर काढून पुन्हा लावली. मग वायर बदलली. वीज देणारी जाड वायर कार्डात 'टक्' आवाज होईपर्यंत दाबली. कार्ड काढलं, परत बसवलं. आतला एक बारका लाल दिवा मात्र विझेना. कार्ड मशीनला सापडत नाहीये, असा त्याचा अर्थ, असं ती म्हणाली.

"बाजूनं एक थाप मारू का?" मी विचारलं. "आपला जुना टीव्ही थापेवरच चालायचा."

"आई, यांना बाहेर घेऊन जा की!"

"कुठं नेऊ? बाहेर पण हेच बोलत बसतील," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मुलीनं लॅपटॉप काढून बघितला. त्यावर ते घर उघडतसुद्धा नव्हतं. तिनं कार्ड पुन्हा बाहेर काढलं आणि खोडरबर आणलं. कड रबरानं पुसली की कधी कधी चालतं म्हणे. तिनं एकदाच घासलं, आणि पांढरं रबर पिवळंधमक झालं.

ती बघतच राहिली. "गंज! आई, हे बघ. दुकानदारानं जुनं कार्ड नवं म्हणून खपवलंय." तिनं फोन उचलला. "आता बघतेच त्याच्याकडं."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं रबराकडं बघितलं, नाकाजवळ नेलं, आणि मग माझ्या उजव्या हाताच्या बोटाकडं बघितलं. मी बोट मुठीत घेतलं. फोनची रिंग वाजायला लागली होती.

"ठेव तो फोन," मी म्हणालो. "गंज न्हाय त्यो. हळद हाय."

"कुणी लावली?"

"पूजा केली की गं. नवी वस्तू..."

मुलीनं फोन ठेवला. "पप्पा, कार्ड मशीनला जोडायची जागा ती! तीच सापडली तुम्हाला?"

"देवाच्या पितळी मूर्तीला लावल्यागत लावलीय सगळीकडनं," बायको म्हणाली. "एक ठिपका पुरला नसता व्हय?"

मुलगी रागवायला तोंड उघडून बसली, आणि एकदम हसायलाच लागली. मग तिनं औषधाच्या डब्यातलं स्पिरिट आणि कापूस मागितला. त्याच वेळी बाहेर गाडी थांबली.

"तुम्ही त्यांना बोलण्यात गुंतवा," ती म्हणाली. "तेवढं तुम्हाला जमतंय."

व्यापारी गडगडाटी आवाजाचे होते, त्यांची बायको अबोल. मी ऊस, रस्ते, हातकणंगल्याजवळचा वळसा, सगळे विषय काढले. चहा झाला. चहानंतर सरबत आणवलं.

"पावणं," व्यापारी शेवटी म्हणाले, "पोट भरलं. आता आमचं घर दावतायसा, का जेवून जाऊ?"

मी तिसऱ्यांदा ऊस काढणार, तेवढ्यात आतून हाक आली, "या काका, या काकू!"

पडद्यावर अंगण होतं, पायऱ्या होत्या, आणि दार न अडखळता उघडलं. व्यापारी "आरं तिच्या!" म्हणून पुढं झुकले. काकू मागंच उभ्या होत्या. मुलीनं त्यांच्या हाताखाली माउस सरकवला. "काकू, तुम्हीच चला आत."

त्या भिंतीला धडकल्या, मागं आल्या, मग बरोबर स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापुढं थांबल्या.

"हितनं फाटक दिसत न्हाय," त्या म्हणाल्या. "कोण आलं, कोण गेलं, कळाय नको? नकाशा दावला तवा मी सांगितलंतं. कुणी ऐकलं न्हाय."

मुलीनं खिडकी धरली आणि कोपऱ्याकडं सरकवली. फाटक दिसायला लागलं.

"अगं बाई, सरकली की!" काकूंनी नवऱ्याकडं बघितलं. "आतलं सगळं हीच पोरगी करंल. दुसरा कोण नको."

"मग झालंच," व्यापारी बायकोकडं बोट दाखवत म्हणाले. "आमच्यात नकाशा पास करणारं हापिस हेच हाय."

सोमवारी सकाळी मुलगी गॅलरीत पुण्याला फोन करत होती. मी शेजारीच कोरड्या कुंडीत पाणी घालत होतो. त्या कुंडीत झाड नव्हतं. "नाही, सध्या इथंच काम आहे," एवढं मला ऐकू आलं.

फोन ठेवून ती म्हणाली, "पप्पा, पुढच्या खोलीतलं कपाट हलवायला लागंल. काकू परवा येतायत, त्यांना बसायला टेबलाजवळ जागा पाहिजे."

मी पुण्याच्या हवेबद्दल काहीही न बोलता कपाटाचं एक टोक उचललं.